परीक्षक क्रमांक दोन

“मी अभिप्राय लिहिला, तर तो कुणाचा आहे हे ब्रह्मदेवालासुद्धा कळायचं नाही!” ओलसर दाढी करता करता आरशाला म्हणाले.

आरशाने मान्य केलं. बायकोने केलं नाही.

“ब्रह्मदेवाचं राहू द्या,” ती बाहेरच्या खोलीतून म्हणाली. “गेल्या वेळी त्या मुलीने तुम्हाला रस्त्यात गाठून आभार मानले होते. ‘सर, तुमच्या सूचना मिळाल्या!’ भर बाजारात!”

“योगायोग!”

“आणि त्याच्या आधीच्याने फोन करून भांडण काढलं, तोही योगायोगच का?”

ओलसरांनी गालाला कापून घेतलं.

ओलसर हे काही त्यांचं नाव नव्हे. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि उरलेला सगळा वेळ गोगलगाईंना देत. उन्हाळा कडक झाला की गोगलगाय शंखाच्या तोंडावर पातळ पापुद्रा ओढते आणि आत झोपून जाते, हे सर्वांना माहीत आहे. म्हणजे ज्यांना गोगलगाईंचं काही पडलेलं आहे, त्या सर्वांना. पण तिला पुन्हा जाग कशामुळे येते? सरांचं म्हणणं, हवेतल्या ओलीमुळे. गावातल्या दुसऱ्या कॉलेजात त्यांचे एक जुने मित्र होते. त्यांचं म्हणणं, हवेतल्या गारव्यामुळे. या एका प्रश्नावर दोघांनी सगळं तारुण्य घालवलं होतं. तेव्हा विद्यार्थ्यांनी एकाला ‘ओलसर’ आणि दुसऱ्याला ‘गारसर’ करून टाकलं, यात त्या पोरांची काही चूक नव्हती.

गारसर एकटेच राहत. लग्न राहूनच गेलं, असं ते म्हणत. दर रविवारी ते ओलसरांकडे जेवायला येत, आणि पानावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत दोघे भांडत. शेजाऱ्यांना सुरुवातीला काळजी वाटायची. मग सवय झाली. एखाद्या रविवारी गारसर आले नाहीत, तर ओलसरांना जेवण जात नसे. ओरडायचं कुणावर?

पण अलीकडे गारसर भांडताना मध्येच गप्प व्हायला लागले होते. वर्ष संपलं की ते निवृत्त होणार होते. एकदा हातातला घास तसाच धरून म्हणाले, “अरे, जन्मभर लिहिलं. वाचलं कुणी? तू सोडून कुणीही नाही. आणि तूही वाचतोस ते चुका काढायला!” ओलसरांना यावर चांगलं उत्तर सुचलं होतं, पण बायकोने टेबलाखालून पाय दाबला.

आता हे अभिप्रायाचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. कुणी संशोधनाचा लेख लिहिला की तो जर्नलकडे पाठवतो. तिथला संपादक त्यावरचं लेखकाचं नाव काढून टाकतो आणि लेख दोन जाणकारांकडे पाठवतो. ते परीक्षक. परीक्षकांना लेखक कोण ते कळत नाही, लेखकाला परीक्षक कोण ते कळत नाही. त्यामुळे कुणी कुणाची भीड धरत नाही, आणि विद्या पुढे सरकते. मोठ्या विषयांत हे छान चालतं. पण झोपलेल्या गोगलगाईंचे सगळे जाणकार एका बाकावर बसवले, तरी टोकाला पिशव्या ठेवायला जागा उरेल. तिथे कोण कुणापासून लपणार?

ओलसर तर मुळीच लपत नसत. त्यांच्या प्रत्येक अभिप्रायाच्या शेवटी एकच सूचना असे : लेखकाने पुढील पाच लेखांचा संदर्भ द्यावा. आणि ते पाचही लेख ओलसरांचे असत!

“चेहऱ्यावर बुरखा घ्यायचा आणि छातीवर नावाची पाटी लावायची,” बायको म्हणाली. “असं तुमचं गुपित!”

ती तिसऱ्याच एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. आकड्यांच्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे ओलसरांना लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. त्यांनी तोंड पुसलं आणि जाहीर केलं, “या वेळी बघच!”

कारण संपादकाकडून नवा लेख आलेला होता. गोगलगाई झोपायला जागा कशी निवडतात, भिंत की झाडाचं खोड की कुंडीचा तळ, असा त्याचा विषय. ओलीचं नाव नाही, गारव्याचं नाव नाही. भाषा तर इतकी मऊ, की प्रत्येक वाक्यात ‘कदाचित’ आणि ‘असे वाटते’. “नवखं पोर असणार,” ओलसर मनात म्हणाले. “बिचाऱ्याला आत्मविश्वास नाही.”

मग त्यांनी वेषांतराला सुरुवात केली. स्वतःचे पाच लेख सुचवायचे नाहीत, हे ठरलंच. पण पाच तर सुचवायला हवेत! नाहीतर अभिप्राय कसा शेपटी तुटल्यासारखा दिसतो. मग कुणाचे? त्यांच्या डोक्यात वीज चमकली. गारसरांचे! म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार, हे गारसरांनीच लिहिलंय! आणि मग भाषाही तशीच हवी. गारसर दगड मारल्यासारखं लिहीत. ओलसरांनी बाह्या सरसावल्या. ‘दुसरे पान कशासाठी आहे?’ ‘तक्ता क्रमांक एक माझ्या समजुतीपलीकडचा आहे, आणि माझी समजूत कमी नाही.’ ‘लेखकाने “कदाचित” हा शब्द घरी ठेवून यावे.’

लिहिताना त्यांना इतकं हसू येत होतं की टेबल हलत होतं. समोर बायको तिचं काहीतरी तपासत बसली होती.

“कुणाचा लेख आहे एवढा गमतीचा?”

“अगं, गुप्त असतं ते!”

“बरं,” ती म्हणाली आणि पुन्हा खाली मान घातली.

एक पंचाईत मात्र झाली. गारसरांचे पाच लेख निवडायचे, म्हणजे वाचायला हवेत. ओलसरांनी ते कपाटातून काढले आणि चुका शोधायचा इरादा न ठेवता आयुष्यात पहिल्यांदाच वाचले. काय सांगावं, चांगले होते! एका लेखात तर गारसर एकाच गोगलगाईपाशी आख्खा उन्हाळा बसून राहिले होते. ती जागी झाली त्या सकाळचं वर्णन ओलसरांनी परत परत वाचलं, आणि त्यांना स्वतःचा फार राग आला. मग त्यांनी लिहिलं : ‘या विषयाला हात घालण्यापूर्वी लेखकाने या थोर संशोधकाचे पुढील पाच लेख वाचावेत. गोगलगाईकडे इतक्या मायेने कुणी पाहिलेले नाही. लेखकाने यांच्याकडून शिकावे.’

हे वेषांतरासाठीच लिहितोय, असं त्यांनी स्वतःला दोनदा बजावलं. आणि अभिप्राय पाठवून दिला.

काही आठवड्यांनी रविवारी गारसर आले, ते जेवणाच्या वेळेच्या कितीतरी आधी. दारातच ओरडले, “वहिनी! आज मला कुणी काही बोलायचं नाही! आज मी थोर आहे!”

“तुम्ही कायमच थोर आहात, भाऊजी,” बायको म्हणाली. “पण चपला बाहेर काढा.”

गारसर चपला काढून, धापा टाकत खुर्चीवर बसले. खिशातून घडी घातलेले कागद काढले. “लेका, तुला सांगितलं नव्हतं. मी गुपचूप एक लेख पाठवला होता. शेवटचा. म्हटलं, निवृत्त होण्याआधी एकदा बघू या, जग काय म्हणतं. मला कुणी ओळखू नये म्हणून गारव्याचं नाव काढलं नाही. माझ्या एकाही जुन्या लेखाचा उल्लेख नाही. इतकं नम्र लिहिलं, की माझं मलाच कसंतरी झालं!”

ओलसरांच्या हातातला चहा बशीत सांडला.

“विषय... विषय काय होता?”

“गोगलगाई झोपायला जागा कशी निवडतात!”

उरलेला चहाही सांडला.

“आणि हे ऐक, परीक्षक क्रमांक एक काय म्हणतो!” गारसरांनी चष्मा लावला. “‘लेखकाने या थोर संशोधकाचे पुढील पाच लेख वाचावेत.’ कोण थोर संशोधक? मी! मला सांगतोय, मला वाच म्हणून! मी लेखक आहे हे त्याला ठाऊक नाही, म्हणजे तोंडदेखलं म्हणत नाही. ‘इतक्या मायेने कुणी पाहिलेले नाही!’ वहिनी, मायेने म्हणालाय हो!” त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्मा कोरडाच होता, ओलं दुसरंच काहीतरी होतं. “जगात कुठेतरी एक माणूस मला वाचतो. आणि भाषा बघ त्याची! कशी खणखणीत! जवळजवळ माझ्यासारखीच!”

“असेल कुणीतरी,” ओलसर पुटपुटले.

“असेल नव्हे, आहे! नाहीतर हा दुसरा!” गारसरांचा चेहरा बदलला. “परीक्षक क्रमांक दोन. म्हणे तक्ता क्रमांक तीन चुकला आहे, झोपलेल्या गोगलगाई नीट मोजल्या नाहीत. आणि शेवटी? पुढील पाच लेखांचा संदर्भ द्यावा! कुणाचे पाच?”

“कुणाचे?”

“तुझे!”

“माझे?” ओलसर ताडकन उठले. “कोणते पाच?”

इथेच चुकलं. या क्षणी माणसाने दुःखी दिसायला हवं. पण जगात कुणीतरी आपले लेख आवश्यक मानतो, हे ऐकल्यावर ओलसरांचं तोंड लहान मुलासारखं फुललं.

“वर तोंड करून विचारतोस, कोणते पाच?” गारसरही उठले. “लाज नाही वाटत? स्वतःचेच पाच लेख सुचवणारा परीक्षक पृथ्वीवर एकच आहे, हे शाळकरी पोरांनाही माहीत आहे!”

“अरे, मी नाही! शपथ!”

“मग कोण? तुझे लेख दुसरं कुणी वाचतं तरी का?”

ओलसर पुन्हा खुर्चीवर बसले.

“मी हा लेखच मागे घेतो,” गारसर कागदांची घडी घालत म्हणाले. “शेवटच्या लेखावर तुझ्या पायाचा ठसा नको मला.”

“भाऊजी, जेवून तरी जा!” बायको धावत दारापर्यंत गेली. तिचा चेहरा लाल झाला होता. “अहो, ऐका तर!”

“तुमचा यात काही दोष नाही, वहिनी,” गारसर चपला घालत म्हणाले. उजवीत डावा आणि डावीत उजवा पाय घालून, तसेच फटक फटक करत ते निघून गेले.

पुढचा रविवार आला. तीन पानं घेतली, एक उचलून ठेवलं. ओलसरांनी दोन घास खाल्ले आणि उगाचच भिंतीवर ओरडले. मजा आली नाही.

“जाऊन सांगू का त्याला, की पहिला परीक्षक मी होतो म्हणून?” शेवटी ते बायकोला म्हणाले. तिच्यापासून लपवण्यासारखं आता उरलंच काय होतं!

“सांगा की.”

“अगं, पण मग त्याचा आनंद जाईल ना! जगात कुठेतरी एक माणूस आहे, असं तो म्हणतोय. आणि तो माणूस कोण, तर मी!”

“तुम्ही खोटं लिहिलं होतं का?”

“शब्दन् शब्द खरा! तीच तर अडचण आहे. मी लिहिलंय कळलं, तर त्याला ते खोटं वाटेल.”

 बायको हळू आवाजात म्हणाली, “अहो, त्या दुसऱ्या परीक्षकाबद्दल मला जरा—”

“त्या गाढवाचं नाव काढू नकोस!” ओलसर कडाडले. “सगळं त्याच्यामुळे! तक्ता क्रमांक तीन म्हणे! आकड्यांत नाक खुपसणारा किडा!”

“गाढव?” बायको म्हणाली.

“शुद्ध!”

“किडा?”

“वाळवी!”

“बरं,” ती म्हणाली, आणि भांडी जरा जोरातच आवरायला लागली.

आणखी एक रविवार सुना गेला, तेव्हा ओलसरांनी मन घट्ट केलं. पहिला परीक्षक कोण हे सांगायचं नाही, म्हणजे दुसरा मीच असं कबूल करणं भाग होतं. मित्राचा आनंदही राहील आणि लेखही. राहणार नाही ती फक्त आपली अब्रू, आणि ती तशीही बाजारातच होती. ते गारसरांच्या कॉलेजात गेले.

प्रयोगशाळेत गारसर काचेच्या पेट्या पुसत होते. गोगलगाई एका ट्रेमध्ये काढून ठेवल्या होत्या. मान न वळवता म्हणाले, “काय आहे?”

“दुसरा परीक्षक मीच,” ओलसर एका दमात बोलून गेले. “सवय आहे रे वाईट. ते पाच लेख काढून टाक. पण तुझा लेख मागे घेऊ नकोस.”

गारसरांनी हातातली पेटी पुसून संपवली. मग फडकं खाली ठेवलं.

“ते मला कळलंच होतं. पण लेका, तक्ता क्रमांक तीन खरंच चुकला होता रे! तुला खोटं पाडायचं म्हणून मी सगळं परत मोजायला बसलो. निम्म्या गोगलगाई दोनदा मोजल्या होत्या! छापून आलं असतं, तर निवृत्तीच्या समारंभात लोक फुलं द्यायच्या ऐवजी हसले असते.”

“हो ना?” ओलसर सावधपणे म्हणाले.

“मी लेख मागे घेतला नाही. दुरुस्त करून पाठवला, आणि काल मंजूर झाला. तुझे ते पाच संदर्भही ठेवले. त्यात मोजण्याची जी रीत आहे ना, ती फार सुंदर आहे रे! मी आजवर नीट बघितलीच नव्हती.” गारसरांनी त्यांच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली, की ट्रेमधल्या दोन गोगलगाई आत गेल्या. “आणि तो पहिला परीक्षक! माणूस थोर, पण त्याला चूक दिसली नाही बघ. मनाचा चांगला आहे, जरा मंद असावा.”

“असेल,” ओलसर म्हणाले. हे गिळायला थोडा वेळ लागला.

घरी ते जवळजवळ उड्या मारतच आले. “रविवारी तीन पानं घे! येतोय तो! मी सगळं मिटवलं. दुसरा परीक्षक मीच, म्हणून सांगून टाकलं!”

बायकोने हातातली पुस्तकं खाली ठेवली.

“काय सांगितलंत?”

“की तो मी. तक्ता तीनची चूक मी पकडली. तो इतका खूश झाला, की पाठ अजून दुखतेय!”

“ती चूक,” बायको शांतपणे म्हणाली, “वाळवीने पकडली होती.”

“म्हणजे?”

“म्हणजे गाढवाने. किड्याने. अहो, परीक्षक क्रमांक दोन मी आहे!”

ओलसर जवळच्या खुर्चीवर बसले. खुर्चीवर इस्त्रीचे कपडे होते.

“संपादकांना एक गोगलगाईंचा जाणकार हवा होता आणि एक आकड्यांचा. मी माहेरच्या नावाने लिहिते, त्यामुळे आपण एका घरात राहतो हे त्यांना माहीत नाही. भाऊजींचा लेख आहे हे मला पहिल्या पानावरच कळलं. तसं मी संपादकांना कळवलंही. ते म्हणाले, बाई, झोपलेल्या गोगलगाई मोजू शकणारं दुसरं कुणी असेल तर तुम्हीच सुचवा! म्हणून मीच परीक्षण केलं. आणि भाऊजींचं भलं व्हावं म्हणूनच कडक केलं.”

 ओलसरांच्या डोळ्यांत हळूच एक आशा उगवली. “पण मग... माझे ते पाच लेख? ते तुला इतके महत्त्वाचे वाटतात?”

“त्यात मोजण्याची रीत आहे म्हणून. ती रीत कुणाची आहे?”

ओलसरांनी कपाटातून एक लेख काढला. वर त्यांचं नाव होतं. त्याच्या शेजारी आणखी एक नाव होतं. दुसरा लेख काढला. तिथेही होतं. पाचही लेखांवर होतं.

“अरेच्चा!” ते म्हणाले. “तुझं माहेरचं नाव आहे की!”

यानंतर घरात जी शांतता पसरली, तिचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांना ती माहीत आहे.

“मी आत्ताच्या आत्ता जातो आणि त्याला खरं सांगतो,” ओलसर उठून म्हणाले.

“खबरदार! परीक्षकाचं नाव गुप्त ठेवायचं असतं. मी आजवर एकदाही फोडलेलं नाही. तुम्हालाही सांगितलं ते आज, नाइलाजाने. रविवारी मुकाट्याने जेवायचं!”

रविवारी गारसर आले. या वेळी चपला बरोबर पायांत होत्या, आणि त्या त्यांनी बाहेरच काढल्या. पानावर बसताच त्यांनी ओलसरांच्या खांद्यावर हात ठेवला.

“वहिनी, तुमच्या नवऱ्याने माझी लाज राखली! गोगलगाय खरंच झोपली आहे की नुसती आत जाऊन बसली आहे, हे ओळखून मोजायची काय रीत काढलीय याने! तुमचाही विषय आकड्यांचाच ना? मग तुम्हाला कळेल हे काम किती भारी आहे ते!”

“थोडंफार कळतं,” बायको वाढता वाढता म्हणाली.

“पण एक जागा मला अडली आहे. ती जाग्यांची संख्या वजा करायच्या आधी दोनाने का भागतोस रे? सांग ना!”

ओलसरांनी पाणी प्यायलं. मग आणखी प्यायलं. मग बायकोकडे बघितलं.

“सांगा ना, अहो!” ती म्हणाली, आणि आरामात समोर येऊन बसली. “मलाही ऐकायचंय.”

“ते... दोनाने... म्हणजे असं बघ, की एक एकाने भागून काही...” ओलसरांनी पुन्हा भांडं उचललं, ते रिकामं होतं. “तूच सांग गं. मला जेवू दे.”

मग बायकोने दोन वाट्या पुढे ओढल्या, एक झोपलेल्यांची आणि एक जाग्यांची, आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. दोनाने का भागायचं, आधी का भागायचं, आणि नाही भागलं तर तीच गोगलगाय पुन्हा कशी मोजली जाते. इतकं स्वच्छ, की ओलसरांनाही ते पहिल्यांदाच कळलं. गारसर घास हातात धरून ऐकत राहिले. मग त्यांनी मान डोलावली आणि ओलसरांकडे कौतुकाने बघितलं.

“वा! वहिनींना काय तयार केलंयस रे तू!”

ओलसरांनी पानातून मान वर केली नाही. पुढच्या लेखावर कुणाचं नाव आधी घालायचं, हे मात्र त्या घरात कुणाला विचारावं लागलं नाही!